निळं उमटतं तेव्हा

शनिवारी साडेसातला मिसेस प्रॉसर
हॉर्न न वाजवता दारात थांबतात.
गाडीत ओल्या कुत्र्याचा वास, बादली, दोरी,
आणि मांडीवर, सुईणीनं जपावी तशी जपलेली पेटी:
आठ कुप्या, थोड्या पुड्या, एक रंगपट्टी.

लेमस्टरच्या खालच्या पुलाशी
त्या आधी वाकून बघतात, मग बोलतात.
"मे महिन्यात इथे पांढरं असायचं.
पाण्यावर फुलांची साय धरायची.
माझा भाऊ इव्हर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून
स्वतःच्या पायाची बोटं मोजायचा."

मीही वाकते.
बोटं सोडा, तळही दिसत नाही.
दगडांवर शेवाळ, कुणी न विंचरलेलं.
लग नदी कधीची हिरवी पडलीय,
जुन्या पितळेवर कळक चढावी तशी.

बादली सोडते. दोरीचा पीळ तळहातात रुततो.
कुपी भरते, पुडी फाडते, हलवते,
आणि आम्ही दोघी तीन मिनिटं गप्प,
कुणाच्या तरी काखेत थर्मामीटर लावल्यासारख्या.

मग निळं उमटतं.

निळं म्हणजे वाईट.
जितकं गडद, तितकं फॉस्फेट.
अख्ख्या नदीत निळा रंग शोधून सापडत नाही
आणि कुपीत हा एवढा.

"येतं कुठून?" नव्यानं आलेल्या मुलानं विचारलं होतं एकदा.
मिसेस प्रॉसरनी टेकडीकडे हनुवटी उडवली.
तिथे लांबच लांब शेड, खिडक्या नसलेल्या.
एकेकीत चाळीस हजार कोंबड्या,
पाच-सहा आठवड्यांचं आयुष्य.
त्यांची घाण शेतावर, शेतावरून ओहोळात.
कुठेतरी पाणी मुरतंय, असं आपण म्हणतो ना,
इथे मुरत नाही, हीच तर रड आहे.
मातीचं पोट भरलंय. ती आता पुढे ढकलते.

मी तेव्हा झाकण घट्ट करत राहिले,
आधीच घट्ट असलेलं.

कारण सोमवार ते शुक्रवार
मी त्याच कंपनीच्या पगार विभागात बसते.
चारशे बारा माणसांचे तास, रजा, ओव्हरटाइम.
देसिस्लावाची रात्रपाळी, तिच्या सुजलेल्या मनगटाची सुट्टी.
माझ्या घराचा हप्ता. केतकीचे पोहण्याचे धडे,
तेही क्लोरीनच्या तलावात.
खाल्ल्या मिठाला जागावं, हे शिकवलं होतं मला.
प्यायल्या पाण्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

मिसेस प्रॉसरना ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी सांगितलं.
त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला, म्हणाल्या,
"माझ्या पुतण्याच्या तीन शेड आहेत.
दर रविवारी जेवायला येतो.
मी कोंबडीच करते."

जूनमधल्या त्या उकाड्याच्या आठवड्यात
पहाटे मासे काठाशी आले, तोंडं वर काढून.
शेवाळ दिवसा श्वास सोडतं
आणि रात्री सगळ्यांचा ओढून घेतं, हे मी वाचलं होतं.
वाचणं वेगळं.
मिसेस प्रॉसर बुटांसकट पाण्यात उतरल्या,
एक मासा ओंजळीत धरून
वर, बांधाखाली, जिथे पाणी जरा फेसाळतं तिथवर चालत गेल्या.
एकच नेता येतो एका वेळी.
मी मोजले: अकरा फेऱ्या.
बाराव्याला त्या गेल्या नाहीत. गरज उरली नव्हती.

केतकीनं शाळेसाठी नदी काढलीय,
काठोकाठ निळी, खडू झिजेपर्यंत दाबून.
बाईंनी तारा चिकटवला.
फ्रिजवर लावलंय ते चित्र, दुधाच्या हिशेबाशेजारी.
मी काही बोलले नाही.

वहीत आकडा लिहिते: शून्य पूर्णांक एक्केचाळीस.
खाली सही करते.
सोमवारी हीच सही
पगार सोडते.